न्यू हेब्रनची पांढरी सहा

कॉटर्स बेंड गावातल्या न्यू हेब्रन बॅप्टिस्ट देवळात कुठलंही गीत म्हणताना एक सूर कोणीच म्हणत नाही. तो सूर आला की सगळी मंडळी एकदम एक टाळी वाजवते आणि पुढच्या सुरावर जाते. पोरं बोलायला शिकतात त्याच सुमाराला ही टाळी शिकतात. नदीपलीकडच्या माउंट पिस्गा देवळातल्या तरुणांना ती इतकी आवडली की त्यांनीही उचलली. पण त्यांची पेटी धडधाकट असल्यामुळे टाळी नेमकी कुठे वाजवायची ते त्यांना कळत नाही, आणि ती कुठेही पडते.

न्यू हेब्रनच्या पायपेटीची मधली पांढरी सहा १९२६ च्या ऑगस्टपासून वाजत नाही. पट्टी जागेवर आहे. दाबली की खाली जाते, सोडली की वर येते. आवाज येत नाही, कारण तिच्याखालचा पितळी सूर, वाऱ्यावर थरथरून वाजणारी छोटी जीभ, एका रविवारी सकाळी जागेवर नव्हता. वरची सहा होती, खालची सहा होती, मधली गेली होती. पेटीत सुरांची एकच ओळ, त्यामुळे बदली सूरही नव्हता. त्या वेळचे पाळक रेव्हरंड ॲपलव्हाइट यांनी पेटी उघडली, भाता हलवून पाहिला, जमीन झाडून घेतली, आणि मग व्यासपीठावर चढून उपदेश केला, की मंडळीला आपल्या पेटीचा फार गर्व झाला होता म्हणून देवाने एक सूर परत नेला. उपदेश इतका चांगला झाला की पुढे कोणी शोध घेतला नाही. तेव्हापासून ऑगस्टचा पहिला रविवार ‘सहाचा रविवार’ म्हणून पाळतात. सकाळी उपास, दुपारी तळलेला मासा.

त्याच पहाटे पेटी वाजवणाऱ्या मिस ओझेला टट यांचा धाकटा भाऊ लेम्युएल गिटार घेऊन शिकागोच्या गाडीत बसला होता. या दोन गोष्टी कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. गावात एका दिवशी एकाच गोष्टीची चर्चा होते, आणि त्या दिवशी सूर गेला होता.

लेम पुढे पाच वर्षांनी शिकागोत न्यूमोनियाने गेला. तिथल्या नगरपालिकेनेच त्याला पुरलं. थडग्यावर दगड नव्हता. त्याने काही तबकड्या भरल्या होत्या असं गावात उडत उडत आलं होतं, पण त्यांच्या आईच्या घरात नाचगाण्याच्या तबकड्यांना जागा नव्हती, आणि ग्रामोफोनही नव्हता. मिस ओझेलांनी लग्न केलं नाही. आई गेल्यावरही त्या त्याच घरात राहिल्या आणि दर रविवारी पेटीवर बसत राहिल्या.

१९६५ च्या जुलैत, एका गुरुवारी, मिझुरीच्या नंबराची एक गाडी त्यांच्या दारात थांबली आणि तिच्यातून एक उंच, किडकिडीत गोरा तरुण उतरला. समोरच्या व्हरांड्यात बसलेले, देवळाचा कारभार पाहणारे डीकन पर्विस गेदर्स लगेच रस्ता ओलांडून आले. गाव कोणाच्या भरवशावर सोडायचं झालं असतं, तर ते डीकन गेदर्सच्या. पाळक एक रविवार सोडून येत, डीकन रोज असत.

“मतदार यादीत नावं घालायला आलात की मरणाचा विमा विकायला?” डीकननी विचारलं. “नावं घालायची असतील तर माझं घातलंय. विमाही आहे.”

“मी रेकॉर्डसाठी आलोय,” तरुण म्हणाला.

“पोलिसांच्या?”

“गाण्याच्या. मी वॉरन फिंच. सेंट लुईसला आमची छोटी कंपनी आहे. मिस टट इथेच राहतात ना?”

त्याने ‘मिस टट’ म्हटलं हे डीकननी टिपून घेतलं. गोऱ्या माणसाच्या तोंडून काळ्या बाईसाठी त्यांनी ते मानाचं ‘मिस’ या रस्त्यावर आधी ऐकलं नव्हतं. ते जायला निघालेच नाहीत. व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि टोपीने वारा घेऊ लागले.

मिस ओझेलांनी फिंचला खुर्ची दिली, थंड चहा दिला, आणि तो ‘पुरे’ म्हणेपर्यंत मक्याचा कॉर्नब्रेड वाढला. “बोला साहेब,” त्या म्हणाल्या.

फिंच जुन्या, विसरलेल्या वादकांच्या तबकड्या गोळा करून लाँग प्लेवर पुन्हा काढत होता. शिकागोच्या एका बँडच्या तबकड्यांवर वादकांत लेम टट हे नाव होतं. जन्म कुठला, शिकला कुठे, एवढी ओळभर माहिती त्याला वेष्टनासाठी हवी होती. त्याने गाडीतून ग्रामोफोन आणला आणि एक काळी तबकडी रुमालातून काढून लावली. बँड सुरू झाला. पियानो, क्लॅरिनेट, आणि मागे कुठेतरी गिटार ठेका धरत होती.

“तो ठेका म्हणजे तुमचे भाऊ,” फिंच म्हणाला.

मिस ओझेलांनी ऐकलं. शेजारच्या घरात कोणीतरी भिंतीवर ठोकावं तसा तो ऐकू येत होता.

“बस, एवढंच?”

“बँडमध्ये एवढंच. पण मागची बाजू ऐका, गिटारचं एकट्याचं वादन आहे. या तबकडीची हीच खरी किंमत.” त्याने तबकडी उलटली. “यावर जॉर्ज व्हाइट असं छापलंय, पण ते खोटं नाव. एका कंपनीशी करार असला की वादक दुसरीकडे असल्या नावाने वाजवायचे. हा माणूस म्हणजे क्लिफर्ड बेलिस. ही तबकडी भरली त्या आठवड्यात तो शिकागोतच होता. आम्ही वेष्टनावर बेलिसचंच नाव घालतोय, मंगळवारी छपाईला जाईल.”

सुई टेकली. खरखर झाली, उचकीसारखा काहीतरी आवाज आला, पाठोपाठ एक बारीक ‘पीं’ वाजलं, आणि मग गिटार सुरू झाली. एकच माणूस दोन माणसांचं वाजवत होता. खालच्या तारेवर अंगठा चालल्यासारखा चालत होता आणि वरच्या तारांवर बोटं त्याची चेष्टा करत होती.

मिस ओझेला खुर्चीत पुढे सरकल्या. “हा लेम आहे.”

“असं वाटणं साहजिक आहे, मिस टट.”

“वाटत नाहीये. हा अंगठा मी याच व्हरांड्यात ऐकलाय. पण हा एवढ्या घाईत का आहे? गाडी चुकतेय का त्याची?”

“बँडमधला वादक नुसता ठेका धरतोय. आणि हे वादन…”

“ठेका धर म्हटलं तर ठेकाच धरेल ना, साहेब! आईने लाकडं आण म्हटलं की तो लाकडंच आणायचा.”

डीकन पायरीवरून म्हणाले, “आणायचा नाही. मी शेजारी होतो.”

फिंच सभ्य होता. त्याने मान डोलावली, पण नाव बदलायला पुरावा लागतो असं म्हणाला. बहिणीला ओळखू आलं एवढ्यावर छापता येत नाही. तीन वेगवेगळ्या बहिणींनी तीन वेगवेगळे भाऊ एकाच तबकडीत ओळखल्याचं त्याने पाहिलं होतं.

“सुरुवात पुन्हा लावा,” मिस ओझेला म्हणाल्या. “गिटारच्या आधीची.”

“ते काढून टाकणार आहोत आम्ही. कोणीतरी उचकी दिलीय, आणि रस्त्यावरचा भोंगा आलाय.”

“लावा तरी.”

त्याने लावली. उचकी, पीं. मिस ओझेलांनी डोळे मिटले. “हे हळू होतं का?”

होत होतं. वेग कमीजास्त करायचा एक खटका होता. फिंचने सांगितलं, की ही बाजू साध्या वेगावर लावली तर तिचा सूर उतरलेला लागतो, जगातल्या कुठल्याच पट्टीत बसत नाही. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या दिवशी यंत्र जास्त वेगाने फिरलं असणार. म्हणून त्याने खटका पुढे सरकवून सूर बरोबर करून घेतला होता. या शोधाचा त्याला अभिमान होता. त्यावर त्याने एका मासिकात लेखही लिहिला होता.

“मागे घ्या,” मिस ओझेला म्हणाल्या. “अजून. अजून थोडं… अरे, हळू कर! हां. आता लाव.”

गोऱ्या साहेबाला आपण ‘अरे’ म्हटलं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. डीकनच्या आलं.

सुई टेकली. या वेळी ती उचकी नव्हती. कोणीतरी बोलण्याआधी घसा खाकरावा तसा आवाज आला, आणि मग सावकाश, जरा रुसल्यासारखा, एक सूर लागला.

न्यू हेब्रनची मधली पांढरी सहा बोलण्याआधी खाकरायची. बाकी कुठलीच पट्टी खाकरत नसे. लहानपणी लेम पेटीजवळ बसून तिची नक्कल करायचा, आणि त्यापायी आईच्या हातचा मार खायचा. तसला पितळी सूर ओठांत धरून श्वास आत ओढला तर पेटीबाहेरही वाजतो, हे मिस ओझेलांना माहीत होतं. पेटीवर बसणाऱ्या कोणालाही माहीत असतं. गिटार जुळवायला माणसाला एक सूर लागतो, हेही त्यांना माहीत होतं.

“दर ऑगस्टला मी उपास करते,” त्या म्हणाल्या.

फिंचला संबंध कळला नाही. “तब्येतीला चांगला असतो,” तो म्हणाला.

मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. डीकननी टोपी हलवायची थांबवली.

फिंचने नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. “पण मिस टट, असा खटका सरकवत गेलो तर कुठलाही सूर कुठेही बसवता येतो. तुम्ही तुमच्या आठवणीशी जुळेपर्यंत सरकवलात.”

“आता खटका कुठे आहे?”

त्याने वाकून पाहिलं. तो अठ्ठ्याहत्तरच्या खुणेवर होता, साध्या वेगावर. फिंच तसाच वाकून राहिला. मग तबकडी उलटून त्याने बँडची बाजू लावली, खटक्याला हात न लावता. खिशातून सूर तपासायचा नादकाटा काढून गुडघ्यावर आपटला आणि पियानोशी ताडून पाहिला. पियानो तंतोतंत जुळत होता.

“या दोन्ही बाजू कधीच्या?” मिस ओझेलांनी विचारलं.

“एकाच दुपारच्या. लागोपाठच्या.” त्याने नादकाटा खिशात टाकला. “एकाच यंत्रावरच्या. म्हणजे यंत्र ठीक होतं. गिटारच उतरलेली होती.” आणि सुई उचलत, “तो लेख दोनशे लोकांनी वाचलाय.”

“वाईट वाटून घेऊ नकोस पोरा,” मिस ओझेला म्हणाल्या. “कॉर्नब्रेड घे.”

आता त्याला पेटी ऐकायची होती. पेटीच्या बाकीच्या पट्ट्या तेवढ्याच उतरलेल्या निघाल्या आणि तो सूर बरोबर मधल्या रिकाम्या जागेत बसला, तर तो वेष्टनावर लेमचं नाव घालायला तयार होता. पेटी उतरलेली असेल हे ऐकून मिस ओझेलांचा चेहरा बदलला. “पेटी उतरलेली नाही,” त्या म्हणाल्या. “जग चढलंय.”

देवळाची किल्ली डीकनकडे असे. फिंच गाडीत सामान ठेवायला गेला तेव्हा मिस ओझेला पायरीशी उभ्या राहिल्या.

“सिस्टर,” देवळातल्या बायकांना हाक मारायच्या रीतीने डीकन म्हणाले, “म्हणजे देवाने नाही, लेमने नेला असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी ऐकलं ते सांगतेय.”

“माझ्या सासऱ्यांचा तो उपदेश लिटल रॉकपर्यंत गेला होता.” रेव्हरंड ॲपलव्हाइट हे डीकनचे सासरे. “लोक आपल्याला ओळखतात ते कशामुळे? देवाने सूर नेलेलं देऊळ म्हणून. उद्या काय म्हणतील? चोरी झालेलं देऊळ? चोरी तर माउंट पिस्गातही झालीय. त्यांचा स्टोव्ह गेलाय.”

“उपदेश चांगलाच होता, पर्विस. मी रडले होते.”

“मग राहू द्या ना. लेमला आता काय फरक पडतो?”

“आणि देवाला त्या एका सुराने काय फरक पडणार होता? त्याच्याकडे ढीग आहेत. लेमकडे तेवढा एक होता, आणि त्या सुरावर जे वाजवलं ते आता बेलिसच्या नावावर चाललंय.” त्या थांबल्या. “आईने त्याचं नाव काढायचं नाही म्हटलं, मी काढलं नाही. त्याच्या थडग्यावर नाव नाही. मंगळवारनंतर या वादनावरही असणार नाही.”

डीकननी टोपीच्या आत पाहिलं, जणू उत्तर तिथे असेल. “देवळात ब्लूजसारख्या नाचगाण्याची तबकडी वाजणार नाही,” ते म्हणाले.

“तबकडी नको. तिच्या आधीचं खाकरणं तेवढं.”

“नुसतं खाकरणं?”

“खाकरणं आणि सूर. गिटार सुरू व्हायच्या आत तो पोरगा सुई उचलेल.”

डीकननी टोपी डोक्यावर घातली. “खाकरायला हरकत घेता येणार नाही,” ते शेवटी म्हणाले. “रेव्हरंडसाहेबही खाकरायचे. पण हे चोरून नको. रविवारी, उपासनेनंतर, सगळ्यांसमोर. सूर मंडळीचा गेला होता, ऐकेल ती मंडळीच.”

तो पाळक न येण्याचा रविवार होता, हे डीकनना माहीत होतं.

रविवारी उपासना आटोपल्यावर डीकननी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि म्हणाले, की सिस्टर ओझेलांना काही सांगायचंय. मिस ओझेला पेटीशेजारी उभ्या राहिल्या. हातरुमाल त्यांनी गुंडाळून मुठीत धरला होता.

“आपला सूर माझ्या भावाने नेला असं मला वाटतं,” त्या म्हणाल्या. “नक्की काय ते आता कळेल.” आणि त्या पेटीवर बसल्या.

हातपंख्यांची हालचाल थांबली. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी “हे देवा” म्हणालं, पण ते प्रार्थनेसारखं नव्हतं.

फिंचने आधी नादकाट्याने पेटीची एकेक पट्टी तपासली. काटा आणि पेटी यांच्यात फरक होता, आणि प्रत्येक पट्टीला सारखाच फरक होता. हे त्याने मंडळीला समजावून सांगितलं. मंडळीने काटा दोनदा ऐकला आणि काटा चढलेला आहे असं ठरवलं.

मग मिस ओझेलांनी गीत सुरू केलं. ठरलं असं होतं, की त्या मधल्या पांढऱ्या सहापाशी आल्या की पट्टी दाबून थांबतील, आणि फिंच सुई टेकवेल. त्या आल्या, थांबल्या. सुई टेकली, आणि दीडशे माणसांनी टाळी वाजवली. काहीच ऐकू आलं नाही. फिंचने घाईघाईने सुई उचलली.

“टाळी वाजवू नका,” डीकन म्हणाले.

“नाही वाजवत,” मंडळी म्हणाली.

पुन्हा गीत सुरू झालं. मिस ओझेला थांबल्या, सुई टेकली, टाळी पडली. त्यात डीकनचीही होती.

“सगळ्यांनी हात मांडीखाली घ्या,” डीकन म्हणाले, आणि स्वतः पहिल्या बाकावर हातांवर बसले. दीडशे माणसं हातांवर बसली. आयांनी मांडीवरच्या पोरांचे हात धरून ठेवले.

तिसऱ्यांदा मिस ओझेलांनी पट्टी दाबली. मुकी पट्टी खाली गेली. खरखर झाली. मग त्या देवळात एकोणचाळीस वर्षांनी पांढरी सहा खाकरली, आणि बोलली. आधीची पाच आणि नंतरची सात यांच्यामध्ये ती अशी बसली, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सिस्टर ड्रूसिला, ज्यांना आता माणसं ओळखू येत नसत, त्या मोठ्याने म्हणाल्या, “ही कुठे गेली होती?”

फिंच सुई उचलायला विसरला. सूर संपला आणि गिटार सुरू झाली. त्याच्या लक्षात आलं तसा त्याने हात पुढे केला आणि डीकनकडे पाहिलं. डीकन छताकडे पाहत होते. छताला एक जुनी गळती होती. ते तिचा आकार अभ्यासत होते. फिंचचा हात तसाच राहिला. अंगठा चालत राहिला, बोटं त्याची चेष्टा करत राहिली, आणि मंडळी हातांवर बसून राहिली, कारण उठा असं कोणी सांगितलं नव्हतं. मिस ओझेलांचं बोट मुक्या पट्टीवर होतं. त्यांनी ते बाजू संपेपर्यंत उचललं नाही.

तबकडी थांबली. आता डीकनना काहीतरी म्हणणं भाग होतं. ते उठले. हातांना मुंग्या आल्या होत्या म्हणून त्यांनी ते झटकले.

“देवाने सूर नेला असं रेव्हरंडसाहेब म्हणाले होते,” ते म्हणाले. “कोणाच्या हाताने नेला ते ते म्हणाले नव्हते. आपणही विचारलं नव्हतं.” त्यांनी मंडळीवर नजर फिरवली. “सहाचा रविवार आहे तिथेच राहील. मासाही.”

“आमेन,” मंडळी म्हणाली. माशाच्या वेळी ते जास्त जोरात आलं.

फिंचला मोकळं मोकळं वाटत होतं. असले सूर अजून विकत मिळतात, तो म्हणाला; पेटीचा नमुना पाठवला तर बरोबर तेवढा उतरलेला सूर घासून देणारा माणूस त्याच्या ओळखीचा आहे. देणगी म्हणून.

“नको,” पाचसहा जण एकदम म्हणाले.

“बसवला तर टाळी कुठे वाजवायची?” डीकननी त्याला विचारलं.

मिस ओझेला पेटीचं झाकण लावत होत्या. फिंच जवळ गेला आणि नाव कसं लिहायचं ते विचारलं. नुसतं लेम की लेम्युएल?

“लेम्युएल. आणि टटमध्ये शेवटी दोन टी. लोक एक खातात.”

“आणि ते खाकरणं मी काढत नाही.”

“काढून बघच,” मिस ओझेला म्हणाल्या.

ऑक्टोबरात टपालाने एक चपटं खोकं आलं. वेष्टनावर लेम्युएल टट असं होतं, दोन्ही टी शाबूत. फिंचने सोबत एक साधा ग्रामोफोनही पाठवला होता. डीकननी तो जोडून दिला, वेष्टनावरचं नाव दोनदा वाचलं, लाकडांबद्दल आपण बोललो ते खरंच होतं असं पुन्हा सांगितलं, आणि घरी गेले.

मिस ओझेलांनी दार लावलं. आईची खुर्ची भिंतीकडे वळवावी का असा क्षणभर विचार केला, आणि ती आहे तशीच राहू दिली. सुई टेकवून त्या बसल्या. खरखर झाली. घसा खाकरला गेला. आणि सूर लागायच्या नेमक्या क्षणी त्यांच्या हातांनी टाळी वाजवली.

सूर काही त्यांना ऐकू आला नाही. त्या उठल्या, सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली, आणि या वेळी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसल्या.